बाळंतिणीचं दुखणं कोणत्या रकान्यात लिहायचं?

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका,
महापालिका मार्ग, मुंबई ४०० ००१.

विषय : प्रसूतीनंतरच्या वेदनांची नोंद आणि औषध वेळच्या वेळी देण्याबाबत.



विषय वाचून हे पत्र आरोग्य खात्याकडे ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ रवाना होईल, याची मला कल्पना आहे. होऊ दे. त्याआधी एकदा आपण स्वतः वाचावं एवढीच विनंती, कारण जे मागते आहे त्याला निविदा लागत नाही, भूखंड लागत नाही, परदेशी यंत्र लागत नाही. बाई बाळंत झाली की तिच्या केसपेपरवर नाडी, रक्तदाब, ताप, रक्तस्राव, लघवी झाली की नाही, बाळाचं वजन, बाळाने दूध ओढलं का, हे सगळं लिहिलं जातं. तिला किती दुखतंय हे लिहायला बहुतेक ठिकाणी रकानाच नसतो. रकाना नाही म्हणून कोणी विचारत नाही, आणि विचारलं नाही म्हणून गोळी मिळत नाही.

मी बोरीवलीत राहते. इथली बाई बाळंत व्हायला कुठे जाते? हाताशी पैसे असतील तर एस. व्ही. रोड, चंदावरकर रोड, एल. टी. रोडच्या आसपासच्या एखाद्या नर्सिंग होममध्ये. नसतील तर महापालिकेच्या प्रसूतिगृहात किंवा कांदिवलीच्या शताब्दी रुग्णालयात, आणि काही गुंतागुंत निघाली तर थेट नायर नाहीतर केईएम. इथल्या भगवती रुग्णालयाच्या पुनर्बांधणीची वाट आम्ही इतकी वर्षं पाहिली, की आता त्यावर कोणी विनोदही करत नाही. पण हे पत्र इमारतीबद्दल नाही. चकचकीत इमारतीतही हा रकाना नसतो.

खाजगी दवाखान्यांच्या पाट्यांवर अलीकडे ‘वेदनारहित प्रसूती’ असं ठळक लिहिलेलं दिसतं. पाठीच्या कण्याजवळ बारीक नळी घालून कळा बोथट करायच्या, ही सोय चांगलीच आहे आणि ती सरकारी दवाखान्यातल्या बाईलाही मिळायला हवी. तो वेगळा विषय. पण बाळ बाहेर आलं की ती जाहिरात संपते. त्यानंतरचे दोन-तीन दिवस कोणाच्याच पाटीवर नसतात. कळा सोसणाऱ्या बाईभोवती माणसं असतात, तिला धीर देतात, पाठ चोळतात. बाळ रडलं की सगळे बाळाकडे वळतात. तिला अजून दुखतंय, हे तिने म्हटलं की ऐकू येतं ते ठरलेलं: ‘कळा सोसल्यास ना, मग आता एवढंसं काय?’ बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म असं आपण मोठ्या कौतुकाने म्हणतो. दुसऱ्या जन्माच्या पहिल्या रात्री तिला एक पॅरासिटामॉल द्यावी, हे मात्र आपल्याला सुचत नाही.

नक्की काय दुखतं, ते जरा सविस्तर सांगते, कारण ज्या टेबलांवरून हे पत्र फिरेल तिथे बहुतेक पुरुष बसलेले असतील.

पहिलं दुखणं पोटातलं. बाळंतपणाच्या वेळी साधारण किलोभर वजनाची झालेली गर्भपिशवी पुढच्या सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्या आत येते. ते आकसणं म्हणजे पुन्हा कळाच. बाळ छातीशी घेतलं की ऑक्सिटोसिन सुटतं, त्याने दूध उतरतं आणि त्याच वेळी पिशवीही आवळते. रक्तस्राव आटोक्यात ठेवणारी ही शरीराची सोय आहे, पण बाईला कळतं ते एवढंच की बाळाला पाजायला घेतलं की पोटात पिळवटून येतं. पहिलटकरणीला हे कमी, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जास्त. त्यामुळे अनुभवी बाईच अधिक घाबरते. पहिल्या वेळी एवढं नव्हतं, मग आता आत काही राहून गेलं का, असा घोर मनात घेऊन ती गप्प पडून राहते, किंवा पाजणं टाळते. वार नीट पडलेली असेल, रक्त जास्त जात नसेल, तर हे दुखणं दोन-तीन दिवसांत उतरतं. मूत्राशय भरलेलं असलं की वाढतं, म्हणून तुंबवून न ठेवता लघवीला जाऊन यावं. ही दोन वाक्यं तिला कोणी सांगितली तरी अर्धी भीती जाते. सुश्रुतसंहितेत बाळंतिणीच्या या शुळाला ‘मक्कल्ल’ असं स्वतंत्र नाव देऊन त्यावर उपचार सांगितलेले आहेत. म्हणजे हे दुखणं दखल घेण्याजोगं आहे, हे आपल्याकडे फार पूर्वी ठरलेलं आहे.

दुसरं टाक्यांचं. गर्भपिशवीचं तोंड बांधण्याच्या ज्या टाक्याला जगभरचे डॉक्टर शिरोडकर टाका म्हणतात, तो मुंबईच्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी १९५५ साली मांडला. टाक्यांच्या बाबतीत या शहराचं नाव एवढं मोठं. पण बाळंतपणात फाटलेल्या किंवा कापलेल्या जागी घातलेले टाके बाईला किती जाचतात, हे याच शहरात कोणी विचारत नाही. पहिलटकरीण म्हणजे छेद घ्यायचाच, ही सवय अजून पुष्कळ ठिकाणी आहे. सरसकट छेद घेऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्ट सांगितलेलं असूनही. पहिल्या एक-दोन दिवसांत तिथे सूज असते. बाई एका कुशीवर रेलून, एक पाय लांब करून कशीबशी टेकते आणि तशाच अवस्थेत बाळाला पाजायचं असतं. शिंक आली तरी पोटात गोळा येतो. शौचाला जाताना टाके तुटतील या भीतीने ती जातच नाही. त्यात ‘बाळंतिणीने पाणी कमी प्यावं’ म्हणणारं घरचं कोणीतरी असतंच. मग मलावरोध, मग मूळव्याध, मग टाक्यांवर आणखी ताण. भरपूर पाणी, तंतू असलेलं जेवण, लागलंच तर डॉक्टरांनी दिलेलं सौम्य रेचक, एवढ्याने हे चक्र सुरूच होत नाही.

तिसरं सिझेरियनचं. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात चारातलं साधारण एक बाळंतपण सिझेरियनने होतं. हे पोटाचं मोठं ऑपरेशन आहे. दुसरं कुठलंही एवढं ऑपरेशन झालेल्या माणसाला आपण सांगतो, पडून रहा. हिला मात्र त्याच दिवशी कुशीवर वळून बाळाला दूध पाजायचं असतं. कण्यात दिलेल्या भुलीचा अंमल काही तासांत उतरतो आणि दुखणं एकदम अंगावर येतं. भूल उतरण्याआधीच वेदनाशामक पोटात गेलेलं असेल तर ते आटोक्यात राहतं. एकदा भडकलं की मग तेच औषध तोकडं पडतं. वळताना, खोकताना जखमेवर उशी दाबून धरायची, उठताना आधी कुशीवर होऊन हाताच्या रेट्याने उठायचं, असल्या साध्या युक्त्या सिस्टरना माहीत असतात. त्या सांगायला त्यांना वेळ नसतो.

याशिवाय तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध दाटून दगडासारखी झालेली छाती, भुलीनंतर क्वचित येणारी, उठून बसलं की वाढणारी आणि आडवं झालं की ओसरणारी डोकेदुखी, वेडंवाकडं बसून पाजल्याने भरून आलेले खांदे आणि मान. यांच्या तपशिलात शिरत नाही.

आता ज्यामुळे मी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. माझ्या लेकीचं सिझेरियन कुठल्या हॉस्पिटलमध्ये झालं, ते सरकारी होतं की खाजगी, हे मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार कोणा एकाची नाही. ऑपरेशन उत्तम झालं, बाळ ठणठणीत. रात्री मात्र लेक दात आवळून, घामेजून पडली होती. मी सिस्टरकडे गेले. त्यांनी केसपेपर उघडून दाखवला. वेदनाशामक लिहिलेलं होतं, आणि पुढे तीन अक्षरं: एसओएस. म्हणजे गरज लागली तर. सिस्टर म्हणाल्या, ‘पेशंटने मागितलं तर देतो आम्ही. ती काहीच बोलली नाही.’ त्या वाईट नव्हत्या. एकट्या दोन वॉर्ड सांभाळत होत्या. आणि लेक खरंच बोलली नव्हती. तिला विचारलं तर म्हणाली, ‘बाकीच्या पण पडल्याच आहेत ना गं. मीच कशाला कुरकुर करू?’ बाकीच्याही बहुतेक हाच विचार करून पडल्या असाव्यात.

साहेब असाल वा मॅडम, माझं सगळं म्हणणं त्या तीन अक्षरांबद्दल आहे. एसओएस लिहिलं की औषध मिळवण्याचं काम रुग्णावर येतं. जी बोलकी आहे, शिकलेली आहे, जिची आई पायाशी बसलेली आहे, तिला गोळी मिळते. जी गप्प आहे तिला मिळत नाही. राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यावरून आलेली वारली मुलगी, गावाहून नुकतीच आलेली आणि हिंदीही धड न येणारी सून, वय कमी म्हणून जिला आधीच दोन शब्द ऐकवलेले आहेत ती, लग्न न झालेली, या मागतील का? आणि जिला तिसरी मुलगी झाली आहे आणि जिच्या घरचं कोणी अजून वॉर्डात फिरकलेलं नाही, ती तर काही मागण्याच्या मनःस्थितीतच नसते.

म्हणून पहिली मागणी. प्रसूतीनंतरच्या पहिल्या ४८ तासांत, सिझेरियन असेल तर आणखी एक-दोन दिवस, साधी वेदनाशामकं एसओएस नव्हे, घड्याळाच्या काट्यावर द्या. प्रतिजैविक जसं वेळेवर देतात, बाईने मागण्याची वाट पाहत नाहीत, तसंच. ज्या बाईला नको असेल ती नको म्हणेल. नको म्हणणं मागण्यापेक्षा फार सोपं असतं.

यात नवं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये प्रसूतीनंतरच्या काळजीबद्दल शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांत टाक्यांच्या दुखण्यासाठी तोंडाने घ्यायची पॅरासिटामॉल हा पहिला पर्याय आहे, आणि पिशवी आकसण्याच्या कळांसाठी, दुसरी काही अडचण नसेल तर, आयबुप्रोफेनच्या जातीची औषधं आहेत. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली हेच पायरीपायरीने सांगितलं: आधी ही दोन साधी औषधं नियमितपणे, आणि त्यांनी भागलं नाही तरच अफूच्या वर्गातलं काही, तेही थोडं. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. पॅरासिटामॉलची एक गोळी बोरीवली स्टेशनबाहेरच्या कटिंगपेक्षा स्वस्त पडते. शिवाय १ जून २०११ पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला औषधं मोफत द्यायची आहेत. तेव्हा गोळीही आहे, पैसाही आहे आणि बाईचा हक्कही कागदावर आहे.

‘गोळी घेतली तर दुधातून बाळाला जाईल’ ही भीती घरोघरी असते आणि ती अगदी निराधार नाही. म्हणूनच ती धुडकावून न लावता नेमकं सांगायला हवं. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दुधात अगदी नगण्य उतरतात. पाजणाऱ्या बाईला ती चालतात. जपायला हवं ते कोडीन आणि ट्रामाडॉलला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१७ मध्ये पाजणाऱ्या आयांना ही दोन औषधं देऊ नयेत असा इशारा दिला, कारण काही जणींच्या शरीरात त्यांचं रूपांतर फार वेगाने होतं आणि बाळ गुंगतं, त्याचा श्वास मंदावतो. आपल्याकडे ट्रामाडॉल २०१८ पासून अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे, पण ऑपरेशननंतर ते वापरलं जातं. सौम्य औषधं वेळेवर दिली तर त्याच्यापर्यंत जाण्याची वेळ कमी येईल, हाही माझ्या मागणीचा एक भाग आहे. ज्यांना दमा, पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा जास्त रक्तस्राव आहे त्यांना आयबुप्रोफेन द्यावं की नाही हे डॉक्टरच ठरवतील. तो निर्णय आधीच कागदावर लिहिलेला असावा, म्हणजे रात्री सिस्टरला कोणाला उठवावं लागणार नाही.

कोणी म्हणेल, दोन दिवसांचं तर दुखणं, त्याचं एवढं काय. चार रुग्णालयांमधल्या बाराशेहून अधिक बायकांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. प्रसूतीनंतर पहिल्या दीड दिवसात ज्यांचं दुखणं तीव्र होतं, त्यांना आठ आठवड्यांनीही दुखत राहण्याचा धोका अडीचपट आणि नैराश्याचा तिप्पट निघाला. प्रसूती कशी झाली यावर ते अवलंबून नव्हतं, दुखणं किती होतं यावर होतं. तीव्र दुखण्यानेच नैराश्य येतं असा याचा अर्थ नाही. पण जी बाई पुढे जाऊन कोमेजणार आहे तिची चाहूल पहिल्याच रात्री लागत असेल, तर ती टिपायला हवी.

आता रकान्याबद्दल. आरोग्य खात्यातल्या जाणत्या अधिकाऱ्यांचा आक्षेप मला आधीच ऐकू येतो. १९९० च्या दशकात अमेरिकेत वेदनेला नाडी, ताप, श्वास, रक्तदाब यांच्या बरोबरीचं ‘पाचवं लक्षण’ ठरवलं गेलं, प्रत्येक रुग्णाला शून्य ते दहा आकडा विचारला गेला, आकडा खाली आणायच्या नादात अफूच्या वर्गातल्या गोळ्या वाटल्या गेल्या आणि पुढे त्या गोळ्यांच्या व्यसनाने काय झालं ते जगाने पाहिलं. आक्षेप रास्त आहे. मलाही तो आकडा नको आहे. ‘दहापैकी किती?’ असं आमच्या वॉर्डात विचारलंत तर अर्ध्या जणी हसतील आणि उरलेल्या भिडेपोटी पाच म्हणतील.

त्यापेक्षा काय जमतं ते विचारा. उठून बसता येतंय का? लघवीला जाऊन आलीस का, तिथे काय झालं? बाळाला मांडीवर घेऊन पाजता येतंय का? खोकताना काय होतं? रात्री सलग झोप लागली का? आणि शेवटचा, सगळ्यांत मोलाचा प्रश्न: सकाळपेक्षा कमी आहे की वाढलंय? मराठी, हिंदी, गुजराती या तीन भाषांत हे प्रश्न एका कागदावर छापले तर बोरीवलीतल्या बहुतेक खाटांपर्यंत पोचतील. सिस्टरला एका बाईमागे एखाद मिनिट लागेल.

शेवटच्या प्रश्नाला मोलाचं म्हटलं त्याला कारण आहे. नेहमीचं दुखणं दिवसागणिक उतरतं. जे वाढतं ते काहीतरी सांगत असतं. टाक्यांच्या जागी असह्य दाब आणि ठणका म्हणजे आत रक्त साकळत असू शकतं, बाहेर थेंबही न दिसता. एकाच पायाची पोटरी दुखून सुजली तर शिरेत गुठळी असू शकते. कपाळ फुटल्यासारखं डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली तर रक्तदाब पाहायला हवा. गरोदरपणात तो नॉर्मल असलेल्या बाईलाही बाळंतपणानंतर हे होऊ शकतं. ताप आणि पोटात वाढतं दुखणं, स्राव दुर्गंधीचा, म्हणजे जंतुसंसर्ग. छातीत कळ आणि धाप, एक क्षण थांबू नये. ज्या वॉर्डात ‘सगळ्यांनाच दुखतं’ हे उत्तर तयार असतं, त्या वॉर्डात यातली प्रत्येक गोष्ट उशिरा कळते. माता मृत्यूच्या प्रत्येक प्रकरणाचं पुनरावलोकन आपली यंत्रणा करते. त्या कागदांत ‘ती दुखतंय म्हणत होती’ हे वाक्य शोधून पाहावं.

घरी गेल्यावरचा अंमल निराळा. तिथे सासू, आई, मालिशवाली आणि शेक-शेगडी यांचं राज्य असतं. त्यावर नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. कंबरेला आणि पाठीला शेक दिला की बरं वाटतं, हे खरंच आहे. गरम पाण्याची पिशवी पोटातल्या कळांनाही आराम देते. मालिशवाल्या बाईला बाळंतिणीच्या अंगाचं जेवढं कळतं तेवढं डिस्चार्ज कार्ड लिहिणाऱ्या शिकाऊ डॉक्टरला कळत नाही. पण वन रूम किचनमध्ये, खिडक्या लावून, बाजेखाली कोळशाची शेगडी आणि वर ओवा-शेपांची धुरी, यात आईच्या आणि बाळाच्या श्वासात जातो तो कार्बन मोनॉक्साइड. ताज्या टाक्यांवर नुसती धग घेणं म्हणजे भाजून घेणं. सिझेरियनच्या जखमेभोवतीची कातडी बधिर असते, चटका बसला तरी कळत नाही. आणि टाक्यांची सूज उतरायला पहिल्या दिवसांत हवा असतो गारवा. कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच शिफारशींत हाही उपाय आहे. आमच्याकडे बर्फ म्हटलं की आजेसासू उठून बसतात. बाळंतिणीच्या कानात वारा जाऊ नये म्हणून कापूस घालणाऱ्या घरात हे कसं पटवायचं? ‘कंबरेला गरम, टाक्यांना गार’ एवढंच सांगावं. अर्धी बाजू त्यांची राहिली की उरलेली अर्धी ऐकली जाते, असा माझा अनुभव आहे.

हे दोन्हीकडचं ज्ञान एकत्र मांडण्याचा उद्योगही आपल्याला परका नाही. १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर होताना आनंदीबाई जोशींनी पदवीसाठी प्रबंध लिहिला, तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. त्याच वर्षी मुंबईत बायकांसाठी कामा हॉस्पिटल उघडलं. एवढ्या काळात एक पानी मराठी सूचनापत्रक निघायला हरकत नव्हती.

ते पत्रक आणि तीन-चार दिवसांच्या गोळ्या डिस्चार्जच्या वेळी हातात द्या, ही दुसरी मागणी. आज पत्रक मिळतं ते बाळाच्या लसीकरणाचं. आरोग्यसेविका घरी येते तेव्हा बाळाचं वजन, नाळ, ताप पाहते. तिच्या नोंदवहीत वरचे प्रश्न वाढवा. बाळंतिणीला तिसऱ्या दिवसाच्या आसपास कोणीतरी पाहावं, मग दुसऱ्या आठवड्यात आणि सहाव्या आठवड्यात, असं शिफारशी सांगतात. संध्याकाळी उघडे असणारे ‘आपला दवाखाना’ याच कामाला यावेत. सहाव्या आठवड्यात बाई लसीसाठी बाळाला घेऊन येतेच. तिलाही विचारा.

खाजगीचं काय, तर तिथेही आपला हात पोचतो. १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली मुंबईतल्या प्रत्येक नर्सिंग होमची नोंदणी आणि नूतनीकरण महापालिकाच करते. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी जिन्याची रुंदी आणि अग्निशमनाचा दाखला पाहणाऱ्याने प्रसूती विभागाचा एक केसपेपरही मागून पाहावा.

तिसरी मागणी औषधाची नाही. अनेक वॉर्डांतल्या लोखंडी खाटा उंच असतात. टाके असलेली बाई त्यावरून खाली उतरते ती अक्षरशः घसरून. आणि पुढे संडास भारतीय बैठकीचा, ओला, धरायला काही नाही. टाके असताना खाली बसणं हे सगळ्यांत कठीण काम. सिझेरियनच्या बाईला तर उठताना भिंतीला नखं रोवावी लागतात. म्हणून ती पाणी पीत नाही आणि तुंबवून धरते. गणपत पाटील नगरात किंवा देवीपाड्यात घरी परतलेल्या बाईला सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत उभं राहायचं असतं, तिथलं काही आपण उद्या बदलू शकणार नाही. निदान वॉर्डात राहील तोवर तरी प्रत्येक खाटेपाशी एक भक्कम पायरी, प्रत्येक प्रसूती वॉर्डात एक कमोड आणि भिंतीला दोन दांडे एवढं बसवता येईल. या कामाला वॉर्ड ऑफिसचा सुतार, गवंडी आणि प्लंबर पुरतो.

सगळीकडे एकदम करा, असं मी म्हणत नाही. पश्चिम उपनगरातलं एक प्रसूतिगृह निवडा आणि तीन महिने करून पाहा. एसओएस खोडून वेळापत्रक, केसपेपरवर प्रश्नांचा रकाना, घरी जाताना पत्रक आणि गोळ्या, खाटेपाशी पायरी. काय लिहावं हे ठरवायला केईएम, सायन, नायरमधले आपलेच प्राध्यापक आहेत आणि कागद छापायला महापालिकेचा स्वतःचा छापखाना आहे. प्रश्नांचा मराठी मसुदा कोणत्या शब्दांत असावा, यासाठी मालिश करणाऱ्या दोन बायकांना बैठकीला बोलवा; त्यांचा दिवसाचा रोज बुडेल, तो मात्र भरून द्यावा.

कळावे,
आपली,
बोरीवली (पूर्व) येथील एक रहिवासी